जागवणीचे तीन दिवस

वेर्गा शहरात मार्च महिन्यात माणसं उगवतात, असं तिथले लोक थट्टेनं म्हणतात. नोव्हेंबरात पेरायची, मार्चात उगवायची. आपला मुलगा तिथे असा पेरलेला आहे, हे शालिकराव आसुटकर सात वर्षं नुसतं फोनवर ऐकत आले होते. आठव्या वर्षी, बायको जाऊन तेरा महिने झाल्यावर, ते स्वतः तिथे जाऊन पोहोचले.

विमानाच्या शेवटच्या दोन तासांत त्यांना खिडकीतून एक रस्ता दिसला नाही, एक गाव दिसलं नाही, धुराची एक रेघ दिसली नाही. बर्फ, गोठलेल्या नद्या आणि कापणीनंतरच्या धसकटांसारखी खुरटी झाडं. मग एकाएकी उंच धुराडी, आणि त्यांच्या पायथ्याशी पिवळ्या, गुलाबी, पोपटी इमारतींच्या रांगा. जणू कुणीतरी घाबरून हाताला लागेल तो रंग फासला होता. शहरात रस्ता एकच, विमानतळापासून निकेलच्या खाणीपर्यंत. तो खाणीपाशी संपतो. शहर मात्र कुठे संपतं याची पाटी नाही. शेवटच्या इमारतीची मागची भिंत संपली की पुढे लांडग्यांचं राज्य.

दुपारचे बारा वाजले होते, ऊन लखलखीत होतं आणि तापमान उणे सव्वीस. असलं फसवं ऊन शालिकरावांनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांच्या गावचं, माजरीचं ऊन माणसाला भाजून काढतं, पण निदान प्रामाणिक तरी असतं.

मुलगा ज्या निजघरात झोपला होता, तिथली कर्मचारी तमारा त्यांना घ्यायला आली होती. पन्नाशीची, रुंद खांद्यांची बाई. तिनं हस्तांदोलन केलं आणि त्यांच्या कानात बोंडाएवढं एक छोटं यंत्र खोचलं. तो दुभाष्या. ती तिच्या भाषेत काहीतरी घडाघडा बोलली आणि कानातला आवाज शुद्ध, इस्त्री केलेल्या मराठीत म्हणाला, "आदरणीय पाहुणे, आपले सहर्ष स्वागत आहे. आपण कानटोपी परिधान करावी, अन्यथा आपले कान गळून पडतील."

शालिकराव म्हणाले, "हो बाई, घालतो." आणि मनात म्हणाले, हा दुभाष्या आपल्या शाळेच्या हेडमास्तरचा नातू दिसतो.

शालिकरावांना खाण नवी नव्हती. बत्तीस वर्षं त्यांनी माजरीच्या कोळसा खाणीत काढली, पण खाली जाऊन नव्हे. ते लॅम्प केबिनला होते. पाळीला जाणारा प्रत्येक माणूस खिडकीशी यायचा, पितळी बिल्ला द्यायचा आणि टोपीचा दिवा घेऊन जायचा. वर आला की दिवा द्यायचा, बिल्ला घ्यायचा. पाळी सुटल्यावर खिळ्यावर एक जरी बिल्ला लटकलेला राहिला, तर शालिकराव जेवत नसत. तो माणूस वर येईपर्यंत खिडकी सोडत नसत. दोनशे माणसांचे नंबर त्यांना तोंडपाठ. त्यांचा स्वतःचा बिल्ला नव्हता, कारण केबिनमधला माणूस कुठे जातच नाही. त्याची मोजदाद कोण करणार? त्यांनाही त्याचं कधी काही वाटलं नाही.

मुलगा प्रज्योत खाणकामाचा डिप्लोमा करून इकडे आला तेव्हा त्यांना अभिमानच वाटला होता. झोपेचं कळलं ते नंतर.

वेर्गामध्ये हिवाळ्यात अडीच महिने सूर्य उगवत नाही. अन्न, औषधं, इंधन, सगळं विमानानं आणावं लागतं. हिवाळाभर खाण यंत्रांवर सोडून निम्मं शहर झोपवता आलं तर बरंच ओझं कमी होईल, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं, आणि विज्ञान तोवर तिथे पोहोचलेलं होतं. मेंदूच्या तळाशी शरीराची ऊब सांभाळणारा एक छोटासा भाग असतो. थंड प्रदेशातल्या जमिनीत बिळं करून राहणाऱ्या खारी हिवाळ्यात तो भाग स्वतःच मंद करतात आणि महिनोन् महिने निपचित पडून राहतात. तेच काम माणसात एका औषधानं साधलं. शरीर सहा अंशांवर येतं, हृदय मिनिटाला चारदा ठोका देतं. माणूस चार महिने झोपतो आणि वयानं जेमतेम तीन आठवडे वाढतो. पोरं खूश होती. म्हातारपण लांबतंय, कोणाला नको?

मेख एकच होती, आणि ती खारींनीच आधी दाखवून दिली होती. शास्त्रज्ञांनी उन्हाळ्यात शिकवलेली वाट त्या वसंतात विसरून गेलेल्या असत. गारठ्यात मेंदूतल्या पेशी एकमेकींना धरलेले बारीक हात आखडून घेतात. ऊब आली की ते हात पुन्हा पसरतात आणि पुन्हा एकमेकींना शोधतात. रोजचं काम, भाषा, चालणं-बोलणं यांच्या वाटा रुळलेल्या, त्या सापडतात. बाकीच्या सापडतीलच असं नाही, आणि जितक्या झोपा जास्त तितक्या हरवलेल्या वाटा जास्त. म्हणून उठवायच्या आधी शरीर तीन दिवस हळूहळू गरम करतात, आणि त्या तीन दिवसांत घरच्या माणसानं उशाशी बसून बोलायचं. तेव्हा जे कानावर पडतं, तिकडे ते हात वळतात. ओल्या गिलाव्यावर उमटलेल्या पंजासारखं ते मग पक्कं बसतं. याला तिथे जागवणी म्हणतात.

सहा वर्षं ही जागवणी शालिकरावांच्या बायकोनं, रत्नमालानं, फोनवरून केली. तिच्या तोंडाला खळ नव्हता. तीन दिवस ती गावभरचं बोलायची. कोणाची म्हैस व्याली, कोणाचं लग्न मोडलं, वर्धेला पूर किती आला. आणि दर पाच वाक्यांनी, "तुझे बाबा इथं बसून हसून राहिले," किंवा "तुझ्या बाबानं आज भाजीत मीठच नाही टाकलं." शालिकराव शेजारी बसून ऐकत. बोलायचं काम तिचं, असा त्या घराचा रिवाजच होता.

सातव्या हिवाळ्यात प्रज्योत झोपलेला असताना, सतरा फेब्रुवारीला, रत्नमाला हृदयविकारानं गेली. झोपलेल्या माणसाला कळवता येत नाही. महिन्यानं जागवणी आली आणि फोन शालिकरावांच्या हातात आला. मुलगा अर्धवट शुद्धीत असताना त्याच्या कानात आई मेल्याचं कसं ओतायचं? त्यांचा धीर होईना. उठू दे, चार घास खाऊ दे, मग सांगू, असं त्यांनी ठरवलं. आणि फोनवरच्या सवयीनं 'हॅलो, बाबा बोलतो' म्हणून ते तीन दिवस एवढंच बोलले, "तुही आई बरी हाय. आई भाकरी करून राहिली. आई देवळात गेली."

चूक झाली ती तिथेच. मायेपोटी झाली, पण झाली.

पंधरा दिवसांनी त्यांनी प्रज्योतला खरं सांगितलं. तो फोनवर लहान मुलासारखा रडला. पुढच्या रविवारी त्याचा फोन आला, "बाबा, आईले द्या ना फोन." पक्क्या गिलाव्यावर वरून चढवलेला रंग टिकत नव्हता. आई बरी आहे, हेच खाली पक्कं बसलं होतं. शालिकरावांनी त्याला अकरा वेळा सांगितलं आणि अकरा वेळा तो पहिल्यांदा ऐकल्यासारखा रडला. बाराव्या रविवारी त्यांची छाती झाली नाही. "बाजारात गेली," ते म्हणाले. मग नोव्हेंबरपर्यंत दर रविवारी ती कुठे ना कुठे गेलेली असायची. मुलाला घरी बोलवायचीही त्यांना भीती वाटायची. येईल आणि खोल्या-खोल्यांतून हाका मारत फिरेल.

निजघराचे डॉक्टर फोनवर म्हणाले, उपाय एकच. पुढच्या जागवणीला समोर बसून खरं सांगा. समोरचा आवाज फोनपेक्षा खोल जातो.

म्हणून ते आले होते. सोबत जवसाच्या चटणीचा डबा होता. वासानंही वाटा उघडतात असं त्यांना सांगितलं होतं.

निजघरात काचेपलीकडे प्रज्योत होता. चौतीस वर्षांचा मुलगा, पण दिसत होता तिशीचाही नाही. गालांचा रंग मेणासारखा. शालिकराव किती तरी वेळ नुसते पाहत उभे राहिले. आठ वर्षांत पहिल्यांदा पाहत होते.

तमारानं त्यांना नियम समजावले. हळू बोला. खरं बोला. हुकूम देऊ नका, ये-जा असलं काही सांगू नका. "आणि प्रत्येक बैठकीच्या आरंभी," हेडमास्तरचा नातू कानात म्हणाला, "आपण स्वपरिचय द्यावा. आपले नाव, आणि आपण त्याचे कोण."

शालिकरावांना हसूच आलं. "बापानं पोराले आपलं नाव सांगायचं? बाई, माह्या पोरानं चालायच्या आधी मले वळखलं."

तमारा हसली नाही. "माझाही नवरा आत झोपलाय. नववी झोप," ती म्हणाली. "मी दर तासाला त्याला सांगते, मी तमारा, तुझी बायको, तुझं डोकं खाते ती मीच. लाज वाटते, पण सांगते. नाही सांगितलं आणि नंतर सांगितलं, तर त्यांना कळतं. पण ते शाळेत शिकल्यासारखं कळतं. आठवत नाही."

"सांगीन," शालिकराव म्हणाले. त्यांचं अर्धं लक्ष काचेकडे होतं, आणि उरलेलं अर्धं 'आई गेली' हे पहिलं वाक्य कसं उच्चारायचं यात गुंतलेलं होतं.

जागवणीच्या खोलीत दुभाष्या चालत नाही. परका आवाज तिथे नको असतो. तमारानं त्यांच्या कानातलं यंत्र काढून घेतलं आणि दार लोटून घेतलं.

पहिल्या दिवशी ते अर्धा तास मुलाच्या पांघरुणाच्या कडा सारख्या करत राहिले. बत्तीस वर्षं खिडकीत बसून फक्त नंबर पुकारलेला माणूस तो. मग त्यांनी मुलाच्या गार हातावर हात ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं.

"बापू, तुही आई गेली रे. मागल्या साली. सतरा फेब्रुवारीले. मागच्या खेपी तुले सांगतलं होतं का बरी हाय, ते खोटं होतं."

कोणी सांगितलं होतं, हे ते बोलले नाहीत. त्या खोट्याशी आपलं नाव जोडायला त्यांची जीभ वळली नाही.

मग मात्र बांध फुटला. तीन दिवस ते बोलले. त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं की आपल्याजवळ इतके शब्द आहेत. रत्नमालाचं माहेर, तिची बडबड, ती विहिरीत पडलेली बादली काढायची ती युक्ती, मुलगा तापला की ती त्याच्या तळपायाला कांदा चोळायची ते. तिचा शेवटचा दिवस त्यांनी तीनदा सांगितला.

"सकाळी म्हणे, छातीत भरून आल्यासारखं वाटते. दवाखान्यात नेलं. रस्त्यात पाणी मागतलं, दोन घोट पाजलं. म्हणे, प्रज्योतले सांगा, झोपेतून उठला का आधी पायात मोजे घाल म्हणा. दवाखान्याच्या दारात गेली. डोकं मांडीवर होतं तिचं. हिरवं लुगडं नेसवलं. गाव लोटलं होतं."

कोणी नेलं, कोणी पाणी पाजलं, कोणाच्या मांडीवर डोकं होतं, हे त्यात कुठेच नव्हतं. त्यांनी ते मुद्दाम गाळलं नव्हतं. स्वतःबद्दल बोलायचं असतं, हेच त्यांच्या कधी अंगवळणी पडलं नव्हतं. तिच्या गोष्टीत आपण मध्ये कशाला, असं त्यांना आतून वाटत होतं. 'मी' म्हणायची वेळ आली की वाक्य आपोआप दुसऱ्या वाटेनं जायचं.

दर संध्याकाळी तमारा दारात दुभाष्या परत त्यांच्या कानात खोचून विचारायची, "परिचय दिलात ना?"

ते हो म्हणून मान हलवायचे. मुलगा आपल्याला ओळखतोच, मग ती मान खोटी कशी? असं त्यांना वाटायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी प्रज्योतच्या गालांवर रंग चढला आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. यंत्रावरच्या रेघा उंच गेल्या. तमारानं आत येऊन त्या पाहिल्या आणि शालिकरावांचा खांदा दाबला. बोलणं पोहोचलं होतं. शालिकरावांनी मुलाचे डोळे पुसले. त्यांना वाटलं, चला, हा एक बिल्ला तरी खिळ्यावरून उतरला.

चौथ्या दिवशी सकाळी दहाला त्याला उन्हाच्या खोलीत हलवलं. आधी तमारा आत गेली. विचारायचे ठरलेले प्रश्न असतात. शालिकराव डबा घेऊन बाहेर बाकावर बसले. आता कानात दुभाष्या होता, आणि दार किलकिलं होतं.

"तुझं नाव?"

"प्रज्योत आसुटकर."

"आई?"

मग त्याचा आवाज आला, शांत, जडसा. "वारली. मागच्या वर्षी, सतरा फेब्रुवारीला. हिरवं लुगडं नेसवलं होतं."

शालिकरावांनी डोळे मिटले. वर्षभर छातीवर बसलेला धोंडा उतरला. आता रविवारी त्यांना खोटं बोलावं लागणार नव्हतं. आता दोघं मिळून रडतील, एकदाचं, आणि मग कधी तरी रडणं थांबेलही.

आत तमारानं आणखी काही विचारलं. त्याचं उत्तर ऐकायला ते थांबले नाहीत. दार ढकलून आत गेले.

प्रज्योत उशीला टेकून बसला होता. पायांत मोजे होते. त्यानं वर पाहिलं आणि कोणी वडीलधारं आलं की सावरावं तसा सावरून बसला.

"नमस्कार, काका," तो म्हणाला. "तुम्ही आमच्याकडचेच दिसता."

शालिकरावांना वाटलं, पोरगा थट्टा करतोय. लहानपणी करायचा. ते हसायला गेले. मग त्यांना तमाराचा चेहरा दिसला. ती त्यांच्याकडे बघत होती, आणि तिचा हात तोंडावर होता.

मुलाच्या डोळ्यांत कुठलीही खोडी नव्हती. परगावात आपल्या भाषेचा माणूस भेटल्यावर वाटतं तेवढं बरं वाटणं होतं, बस.

"होय," शालिकराव म्हणाले. "माजरीचा."

"अरे वा! आम्हीबी माजरीचेच. बसा ना." त्यानं पलंगावर जागा केली. "तुमचा आवाज ओळखीचा वाटतो. तीन दिवस तुम्हीच बोलत होते ना? माह्या आईबद्दल?"

"होय."

"तुम्ही ओळखायचे तिला?"

"ओळखत होतो," शालिकराव म्हणाले. "सदतीस वर्षं."

ते त्यानं केलेल्या जागेवर बसले. हातातला डबा उघडण्याची काही गरज नव्हती, पण हातांना काहीतरी हवं होतं. प्रज्योतनं चटणीचा वास घेतला, बोटानं चाखली.

"जवसाची! आईच्या हातची नाही ही. तुम्ही केली?"

"मी केली."

"मीठच नाही टाकलं काका तुम्ही," तो म्हणाला आणि हसला. हसता हसता एकदम थांबला. काहीतरी त्याच्या मनात आलं आणि निसटलं, असं शालिकरावांना वाटलं. प्रज्योतनं भुवया आकसल्या, खिडकीबाहेरच्या बर्फाकडे पाहिलं, मग मान हलवली. "काही तरी होतं. जाऊ द्या."

आणि मग त्यानं जे केलं ते शालिकरावांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यानं त्यांचा हात हातात घेतला. "सदतीस वर्षं ओळखायचे, म्हणजे तुम्हालेबी लय दुःख झालं असन."

रत्नमाला गेल्यापासून तेरा महिन्यांत हे त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. गाव म्हणालं, पोराला कसं सांगणार? डॉक्टर म्हणाले, पुढच्या जागवणीला बघू. पोरगा रडला आणि यांनी समजावलं. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, आणि त्यांनी कुणाला विचारू दिलं नव्हतं. शालिकराव रडले. मुलगा एका अनोळखी म्हाताऱ्याची पाठ थोपटत राहिला, अगदी रत्नमाला थोपटायची तसं, खालून वर.

तमारा हळूच पुढे आली. तिनं खुणेनं विचारलं, मी सांगू का? शालिकरावांनी नको म्हणून मान हलवली. सांगायचं त्यांनाच होतं. आता सांगून ते शाळेत शिकल्यासारखंच होईल, हेही त्यांना माहीत होतं. प्रज्योत 'बाबा' म्हणेल, पाया पडेल, चांगला मुलगा आहे तो. पण सायकल शिकवताना कोणी मागून धरलं होतं, लॅम्प केबिनच्या खिडकीतून त्याला कोणी दिवा पेटवून दाखवला होता, ते आता कुठेच नव्हतं. ते आठवणारा एकच माणूस उरला होता, आणि तो गप्प राहण्यात पटाईत होता.

"मी..." शालिकरावांनी सुरुवात केली. वाक्य नेहमीच्या सवयीनं दुसऱ्या वाटेला जाऊ लागलं. त्यांनी ते ओढून परत आणायचा प्रयत्न केला.

प्रज्योतला वाटलं, म्हातारा अवघडलाय. त्याला मोकळं करावं म्हणून त्यानंच विचारलं, "काका, इतक्या दूर कोणासाठी आले तुम्ही? तुमचं कोण झोपून हाय इथं?"

"मुलगा."

"उठला का?"

"उठला," शालिकराव म्हणाले. "आत्ताच उठला."

"मग जा ना त्याच्याकडे. वाट पाहत असन."

शालिकरावांनी डब्याचं झाकण लावलं. मग ते पुन्हा उघडून डबा मुलाच्या मांडीवर ठेवला, उठून खुर्ची पलंगाजवळ ओढली, तिच्यावर बसले आणि म्हणाले, "माहं नाव शालिक."